ट्रकभर वाळूत किती पाणी?

मागच्या सेमिस्टरला आमच्या वर्गात ऊर्जा आणि पर्यावरण या विषयावर सेमिनार झाला. चंद्रपूरची कोळशाची धूळ, तिथलं 2920 मेगावॅटचं वीजकेंद्र, 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मूल्यांकनात तो परिसर देशातल्या अतिप्रदूषित पट्ट्यांत आला ती गोष्ट, वणीकडच्या खाणी उद्या बंद झाल्या तर कामगारांनी करायचं काय, असं सगळं झालं. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आपलं बरं आहे. सातारा-सांगलीत खाणच नाही." सगळे हसले, सरही हसले आणि तास सुटला.

कोळसा नाही हे खरं. आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजून बसलाय. पण खाण नाही असं कसं म्हणता येईल? आपली खाण नदीत आहे. तिला आपण खाण म्हणत नाही, 'वाळूचा पॉइंट' म्हणतो, एवढाच फरक. आणि या खाणीविरुद्ध आपल्याच भागातले लोक चाळीस वर्षांपूर्वी उभे राहिले होते, तेही हातात हिशेब घेऊन. तो हिशेब आपल्या अभ्यासक्रमातलाच आहे, म्हणून हा लेख.

आधी नदीची ओळख. येरळा. साताऱ्यात खटाव तालुक्यात उगम, मग सांगली जिल्ह्यातून खाली येत ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. उगम आणि संगम दोन्ही आपलेच. सातारा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं, जिथे 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत खटाव-माण आहे, आणि पलीकडे सांगलीत खानापूर-आटपाडी. इथे वर्षाला 500 मिलिमीटर झाला तरी 'यंदा बरा झाला' म्हणतात. अशा मुलखातली नदी बारमाही नसते. पावसाळ्यात चार पूर, दिवाळीपर्यंत धार, आणि मग नुसतं वाळूचं पात्र.

माझं आजोळ त्याच नदीकाठचं. आजी सांगायची की उन्हाळ्यात नदी आटली असं कुणी म्हणायचंच नाही, नदी 'खाली गेली' म्हणायचे. पात्रात हाताने झिरा उकरायचा, कंबरभर खड्ड्यात नितळ पाणी साचायचं, वाटीने घागर भरायची. मी लहानपणी तो झिरा पाहिलाय. आज त्या ठिकाणी उघडा खडक आहे आणि जेसीबीच्या दातांचे ओरखडे.

आता गणित. वाळू ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे 2.83 घनमीटर. जाडसर वाळूत कणांमधली पोकळी 35 टक्क्यांच्या आसपास असते. त्यातलं थोडं पाणी कणांना चिकटून राहतं. बाकी 20 ते 25 टक्के सुटून आपल्याला मिळू शकतं. म्हणजे एका ब्रासमागे साधारण 600 ते 700 लीटर. तीन ब्रासचा ट्रक नदीतून वर चढला की सुमारे 2000 लीटर पाण्याची जागा घेऊन गेला. माणशी दिवसाला 55 लीटर हा ग्रामीण पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष धरला, तर पाच जणांच्या घराचं एका आठवड्याचं पाणी. आणि ही जागा एकदा भरून संपत नाही, दर पावसाळ्यात पुन्हा भरते. ट्रक मात्र एकदाच पैसे देतो.

इथे कुणीतरी हुशार हात वर करणार, मीही केला होता. वाळू काढल्यावर खड्डा पडतो, खड्ड्यात तर शंभर टक्के पाणी मावेल! एका ब्रासच्या जागी 2830 लीटर! मग नुकसान कसलं, फायदाच की!

प्रश्न चांगला आहे, आणि ठेकेदारांच्या बाजूने बोलणारे अजूनही तोच विचारतात. पहिलं उत्तर उन्हाचं. आपल्या भागात उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड ते दोन मीटर थर उडून जातो. वाळूत पाण्याची पातळी दोन-तीन फूट खाली गेली की बाष्पीभवन जवळपास थांबतं. वरची कोरडी वाळू झाकणाचं काम करते. म्हणून खड्ड्यातलं पाणी फेब्रुवारीत हिरवं होऊन मार्चमध्ये संपतं आणि झिऱ्यातलं मे महिन्यात घागरीत येतं.

दुसरं उत्तर गाळाचं. पुराचं गढूळ पाणी खड्ड्यात संथ होतं, बारीक माती तळाशी बसते, आणि दोन पावसाळ्यांत तळ शाडूने लिंपल्यासारखा होतो. मग ते पाणी आजूबाजूला मुरतही नाही.

तिसरं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते नदीत दिसत नाही, काठावरच्या विहिरीत दिसतं. विहीर आणि नदी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. मुरूम आणि मांजऱ्या खडकातून दोघींची पातळी जोडलेली असते. वाळू भरलेली असते तेव्हा नदी काठच्या विहिरींना टेकू देते. पात्र दोन मीटर खोल केलं की उलटं होतं, विहिरीच नदीकडे पाझरायला लागतात. शेतकरी म्हणतो, "विहिरीचं पाणी नदीनं ओढलं." जिओटेकच्या पेपरात हेच डार्सीच्या नियमाने लिहिलं तर पाच मार्क मिळतात.

डार्सीवरूनच एक गंमत. वाळूचा झिरपा दिवसाला 50 मीटर आणि पात्राचा उतार पाचशेला एक धरला, तर वाळूतलं पाणी दिवसाला जेमतेम फूट-दीड फूट सरकतं. ओढ्यात मोकळं वाहणारं पाणी तेवढं अंतर अर्ध्या सेकंदात तोडेल. म्हणजे वाळू म्हणजे टाकीही आणि ब्रेकही.

हे सगळं आपण पुस्तकातून शिकतो. खानापूर तालुक्यातल्या लोकांना ते दुष्काळाने शिकवलं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यातले हजारो कामगार सातारा-सांगलीकडचे. संप लांबला तसे ते गावी परतले, आणि गावात दुष्काळ. रोजगार हमीवर जायचं आणि खडी फोडायची. कारखान्यात युनियन पाहिलेली ही माणसं, ती गप्प बसणारी नव्हती. खडी फोडून दुष्काळ हटणार आहे का, हा प्रश्न त्यांनी विचारला. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. तिच्यात डॉक्टरकी सोडून चळवळीत आलेले कासेगावचे भारत पाटणकर होते, बलवडीचे संपतराव पवार होते, गेल ऑम्व्हेट होत्या. लोकविज्ञान चळवळीच्या कार्यकर्त्यांबरोबर गावोगाव पाण्याचा अभ्यास झाला. पाऊस किती, पूर्वी पिकं कोणती, विहिरी कधी आटायला लागल्या. आणि त्या अभ्यासात एक गोष्ट पुढे आली ती येरळेतली वाळू. लिलाव व्हायचा, ठेकेदार ट्रक लावायचा, महसूल सरकारजमा व्हायचा आणि काठावरच्या विहिरी खाली जायच्या.

साधी चळवळ असती तर 'वाळू उपसा बंद करा' एवढं म्हणून थांबली असती. बलवडी आणि तांदूळवाडी या दोन गावांनी पुढचं मागितलं. ते म्हणाले, उपसा बेताचा ठेवायचा, पण तेवढी थोडी वाळू गावाला विकू द्या, आणि त्या पैशातून आम्हीच नदीवर धरण बांधतो. म्हणजे जी वस्तू विकून नदी मरत होती, तिचाच लहानसा हिस्सा विकून उरलेली नदी वाचवायची. गौण खनिजावर हक्क सरकारचा. त्यामुळे परवानगी काही सहज मिळाली नाही, मोर्चे आणि धरणी झाली, बरीच वर्षं गेली. शेवटी परवानगी मिळाली. वाळूचे पैसे पुरेनात तिथे शहरांतल्या सहानुभूतीदारांनी मदत केली, गावाने श्रमदान केलं. आराखड्याला के. आर. दाते यांच्यासारखा नामवंत इंजिनिअर पाठीशी होता. ऐंशीचं दशक संपता संपता दोन गावांमध्ये 'बळीराजा स्मृती धरण' उभं राहिलं.

धरण म्हणाल तर लहानच. कोयना पाहिलेल्याला ते बंधाऱ्यासारखं वाटेल. पण त्याच्या पाण्याचं वाटप बघा. सगळीकडे ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त. इथे ठरलं की पाणी कुटुंबागणिक सारखं, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. कारण सरळ होतं, वाळू सगळ्या गावाची, तर तिच्यातून झालेलं पाणीही सगळ्या गावाचं. पिकांच्या आराखड्यात कमी पाण्याची पिकं आणि झाडं होती, ऊस बसत नव्हता. साखर कारखान्यांच्या मुलखात हे ठरवायला धरण बांधण्यापेक्षा जास्त हिंमत लागते असं माझं मत आहे. समन्यायी पाणीवाटपाची हीच मागणी पुढे नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने 1993 पासून दुष्काळी तालुक्यांच्या पाणी संघर्षात मोठ्या प्रमाणावर आली. टेंभू-ताकारीचं पाणी आज ज्या शिवारांत दिसतं, त्यामागे त्या परिषदा आणि मोर्चेही आहेत.

मग वाळूचं पुढे काय झालं? कायदे बरेच झाले. 2012 साली दीपक कुमार विरुद्ध हरियाणा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. 2016 आणि 2020 मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. राज्याने 2023 मध्ये 600 रुपये ब्रासने डेपोतून वाळू द्यायचं ठरवलं, 2025 मध्ये ते धोरण बदललं. रात्री दोन वाजता आमच्या आजोळच्या रस्त्याने दिवे बंद करून ट्रॅक्टर जातात, हे मात्र बदललेलं मी पाहिलं नाही. चालवणारी पोरं गावचीच. ट्रॅक्टरचा हप्ता असतो, शेतीत तो निघत नाही. वणीच्या खाणकामगाराबद्दल सेमिनारमध्ये आपण जो प्रश्न विचारला, तोच इथे आहे, आणि नुसत्या दंडाने तो सुटत नाही.

आपल्या ब्रँचचा वाटा मात्र थेट आहे, कारण वाळू मागतो कोण? आपण. पर्याय आहे क्रश सँड. आय. एस. 383 च्या 2016 च्या आवृत्तीत कृत्रिम वाळूला जागा आहे, राज्याने 2025 मध्ये तिचं स्वतंत्र धोरणही आणलं. आमच्या बॅचने लॅबमध्ये दोन्हीचे क्यूब टाकले. कण टोकदार म्हणून पाणी जरा जास्त मागते, बारीक भुकटी जास्त असेल तर मिक्स चिकट होतं, पण 28 दिवसांची ताकद कुठे कमी पडली नाही. मिस्त्री मात्र गिलाव्याला नदीचीच मागतात, "हाताला बरी लागते" म्हणून. आणि क्रश सँड काही आभाळातून पडत नाही, तिच्यासाठी डोंगर फोडावा लागतो. क्रशरशेजारच्या ज्वारीच्या पानांवर धूळ बसलेली येता-जाता दिसते. नदी सोडून डोंगर धरला असं व्हायला नको असेल, तर पाडलेल्या इमारतींचं काँक्रीट पुन्हा वापरण्याचं बघावं लागेल, आणि त्यावर आपल्याकडे अजून कुणी प्रोजेक्ट घेतलेला नाही.

दिवाळीनंतर आम्ही सहा जण विट्याहून बलवडीला जाणार आहोत. धरण बघायचं आहेच, पण काठावरच्या विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून ठेवायची, एक धरणाच्या वरच्या अंगाला आणि एक उपसा झालेल्या पट्ट्यात, असा बेत आहे. सर्व्हे लॅबमधून टेप आणि ऑटो लेव्हल मिळेल असं सरांनी सांगितलंय. दुचाक्या तीन आहेत, अजून एक लागेल. ज्याला यायचं असेल त्याने रात्रीच्या जेवणानंतर मेसच्या बाहेर भेटावं.

(तृतीय वर्ष, स्थापत्य)