दुधावर आलेले तीळ

पवनार. जानेवारीचा शेवटचा आठवडा, सकाळचे सव्वासहा. धाम नदीच्या अंगानं येणारा गारठा माजघरापर्यंत शिरला आहे आणि मी मावशीच्या स्वयंपाकघरात पाट ओढून, शाल गुंडाळून बसले आहे. बाहेर गोठ्यात दादा धार काढतो आहे. बादलीच्या तळाशी पहिल्या धारा चर्र चर्र वाजतात. फेस धरू लागतो तसा आवाज मऊ होत जातो. दाराच्या अलीकडे मात्र दुसऱ्याच दुधाची तयारी चालली आहे.

मावशीसमोर जर्मनचा गंज आहे. त्यात रात्रभर भिजलेले तीळ. वाटीभरच टाकले होते, पण फुगून आता दीड वाटी वाटतात. वरचं पाणी फिक्या चहाच्या रंगाचं झालं आहे. मावशी ते पाणी मोरीत ओतून देते.

"हे नाही ठेवायचं. कडू राह्यते," ती सांगते.

तीळ तिच्याच शेतातले आहेत. कपाशीत दर काही ओळींनंतर एक तास तिळाचं आणि उरलेले धुऱ्यावर. खालची बोंडं पिवळी पडली की झाड कापायचं; आणखी दोन दिवस थांबलं तर बोंडं उकलतात आणि तीळ मातीत जातात. पेंढ्या बांधून उभ्या वाळवायच्या आणि मग जुन्या धोतरावर उलट्या धरून झटकायच्या. असे झटकलेले तीळ बाजारातल्या तिळासारखे पांढरेशुभ्र नसतात. थोडे राखी, थोडे मळकट, आणि त्यांत बारीक खडा असायचाच. म्हणून काल रात्री भिजवण्याआधी मावशीनं ते रोळून घेतले. एका कोपरात पाणी, त्यात तीळ, आणि कोपर दोन्ही हातांनी गोल गोल हलवत तीळ पाण्यासोबत हळूहळू दुसऱ्या भांड्यात उतरवायचे. खडा जड, तो मागं राहतो. शेवटचे चमचाभर तीळ उरले तेव्हा ती हलवायची थांबली आणि कान देऊन ऐकू लागली. धातूवर खडा सरकल्याचा आवाज आला, तशी ते चमचाभर तीळ तिनं चिमण्यांना टाकले. लेकराच्या दाताखाली खडा यायला नको.

ते लेकरू, म्हणजे मावशीची नात, आत दुलईत झोपलं आहे. पाच वर्षांची आहे. सगळे तिला छकुलीच म्हणतात. वर्षाची असताना पहिल्यांदा गाईचं दूध पाजलं आणि तासाभरात तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. दुधातल्या प्रथिनाचीच ॲलर्जी निघाली. साखर न पचण्याचा प्रकार वेगळा. त्यात दही-ताक बऱ्याच जणांना चालून जातं. छकुलीला दही नाही, ताक नाही, पेढा नाही. वर्ध्याहून येणारा पाहुणा हातात गोरसपाकाचा पुडा घेऊन येतो, तोही उचलून वर ठेवावा लागतो, कारण त्यात गाईचं तूप. बऱ्याच मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयात जाते, हिची अजून गेलेली नाही.

आणि घरात गाय आहे. आर्वीकडून आणलेली गवळाऊ, पांढरी, उंच, लांब तोंडाची. ही जात मूळची इकडचीच. आर्वी, आष्टी, कारंजा हा तिचा मुलूख. दूध बेताचंच देते, पण मावशीच्या जिवाचा ठेवा आहे. नातीला आपल्या गाईचं दूध चालत नाही हे कळलं तेव्हा मावशी दोन दिवस जेवली नव्हती, असं वहिनी सांगते.

मावशी आता तिळांत हात घालते. दोन्ही तळव्यांत मूठभर तीळ घेऊन हलकेच चोळते, वरून पाणी ओतते. पातळ साली सुटून तरंगतात. गंज तिरपा करून ती त्या काठावरून वाहू देते. दोनदाच. तिसऱ्यांदा ती हात घालत नाही, तेव्हा मी विचारते, "सगळी साल नाही काढायची?"

उत्तर वहिनी देते. ती अंगणवाडीत आहे आणि छकुलीच्या खाण्याची तिची एक वही आहे : तारीख, काय दिलं, किती दिलं, काय झालं. शंभर ग्रॅम सालीसकट तिळात कॅल्शियम हजार मिलिग्रॅमच्या आसपास असतं. गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात एकशेवीसच्या आसपास. आकडा वाचून पहिल्यांदा ती हरखली होती. मग कळलं, की हे कॅल्शियम बहुतेक सालीत असतं, सालीतल्या ऑक्झॅलेटशी बांधलेलं असतं आणि म्हणून अंगी लागतं कमी. साल काढली की आकडाच खाली येतो, ठेवली तर कडवटपणा येतो. त्यात गाळताना चोथ्यात जातं ते वेगळं.

"म्हणून मी याला दुधाच्या जागी धरतच नाही, ताई," वहिनी म्हणते. "कॅल्शियमचं औषध डॉक्टरांनी दिलंय ते चालूच आहे. वरण, फुटाणे, शेंगदाणे, अंडं हे वेगळं. हे पेलाभर तिच्या आवडीचं."

मला तिचं हे बोलणं फार पटतं. तिळाच्या दुधाचं नाव निघालं की लोक लगेच तराजू काढतात, दुधापेक्षा दसपट वगैरे सांगत सुटतात. तिळाला त्याची गरज नाही. तान्ह्या बाळाला तर हे दूध म्हणून पाजायचंच नसतं. शिवाय तिळाचीही ॲलर्जी असते, कधी कधी जोराची. छकुलीला पहिला चमचा घरी दिलेला नाही. दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, थेंबाथेंबानं दिला होता. वहीत त्या दिवसाच्या पानावर वहिनीनं फक्त "काही झालं नाही" एवढं लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत.

निथळलेले तीळ मिक्सरच्या भांड्यात पडतात. मिक्सर एक गिरकी घेतो आणि बंद होतो. वरचा दिवाही.

"गेली लाईन," मावशी म्हणते. आवाजात त्रागा नाही. वहिनी कंदिलासारखा मोबाईल उंच धरते आणि मावशी कोपऱ्यातला पाटा धुऊन घेते.

बरंच झालं, असं मला मनातून वाटतं, कारण मिक्सरमध्ये जे दोन मिनिटांत झाकणाआड उरकतं ते आता डोळ्यांसमोर घडणार आहे. मावशी मूठभर तीळ पाट्यावर ठेवून वरवंटा पुढे ढकलते. आधी तीळ निसटतात. मग चिरडल्याचा ओला, दबका आवाज. चार-पाच फेऱ्यांत त्यांचा राखी लगदा होतो, आणखी दहा फेऱ्यांत लगद्याला चकाकी येते. तेल सुटतं आहे. तिळात निम्मं तेलच असतं. ते बोटांना लागतं, दगडाला लागतं, वरवंटा जड चालू लागतो. याच तेलासाठी वर्ध्याच्या मगनवाडीत घाणीवर केवढी मेहनत झाली होती! 1934 च्या डिसेंबरात गांधीजींचा ग्रामोद्योग संघ निघाला, तो चालवायला कुमारप्पा वर्ध्यात येऊन राहिले आणि बैलाच्या घाणीत सुधारणा करून तीच गावोगावी पोचवण्याचा उद्योग इथून चालला.

मावशी लगद्यावर पाण्याचा हबका मारते, आणि लगदा पातळ व्हायचा सोडून घट्ट होतो. अगदी गोळा बनतो. मी पुढे सरकते.

"पहिल्या पाण्याले असाच रुसते," मावशी म्हणते. "सुनेनं पहिल्यांदा केलं तं बिघडलं म्हणून फेकून देत होती. म्या म्हटलं, थांब व माय, आणखी दे पाणी."

दुसरा हबका. तिसरा. गोळा सैल पडतो आणि एकदम रंग बदलतो. राखीचा पांढरा. तेल पाण्यात इतकं बारीक फुटतं की उजेड त्यातून आरपार जात नाही, विखुरतो. गाईचं दूध पांढरं दिसतं त्यामागंही हेच आहे. पाट्याच्या उतारावरून पहिला ओघळ खाली ठेवलेल्या ताटलीत येतो. मी बोट लावून चाखते. आधी गोड नाही, कडू नाही, मग जिभेच्या मागच्या बाजूला कच्च्या तिळाचा तुरटसर कडवटपणा आणि त्यावर साईसारखा एक जाडपणा.

"याला दूध म्हणावं का गं मावशी?" मी विचारते. बाजारात अशा पेयाच्या डब्यावर दूध हा शब्द छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मनाई आहे, हेही सांगते. ग्राहकाची फसगत होऊ नये म्हणून तो नियम योग्यच आहे.

मावशी वरवंटा थांबवत नाही. "ज्वारीचं कणीस दुधावर येते का नाही? नारयाचं दूध म्हणतो का नाही आपण? मंग तिळानं काय घोडं मारलं?"

शेजारच्या काकू विरजण मागायला आलेल्या आहेत, त्या उंबऱ्यावरच टेकतात. त्यांचा नेहमीचा सल्ला आहे, शेळीचं द्या, बापूंनी नाही का घेतलं. या भागात हा सल्ला पावलोपावली मिळतो, सेवाग्राम जवळच. पण गाईच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात, की एकाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना दुसरंही सोसत नाही. वहिनी काकूंना हे आज कितव्यांदा सांगते कोण जाणे, पण सावकाश सांगते.

बापूंची तरी गोष्ट कुठं एवढी सोपी होती? 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर मित्र कॅलनबाख यांच्या सोबतीनं त्यांनी दूध सोडलं. 1918 च्या आजारपणात शरीर पार खंगलं आणि पुढच्या जानेवारीत शेळीचं दूध घेतलं, व्रताचा शब्द राखला गेला, पण अर्थ नाही, ही बोच त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे. वनस्पतींच्या एवढ्या पसाऱ्यात दुधाची जागा घेणारं काहीतरी असणारच, हा त्यांचा विश्वास अखेरपर्यंत गेला नाही. 1935 मध्ये मगनवाडीत त्यांनी सोयाबीन खाण्याचे प्रयोग केले. आज त्याच वर्ध्याच्या शिवारात जिकडेतिकडे सोयाबीन आहे. मावशीनंही सोयाबीनचं दूध करून पाहिलं होतं. छकुलीनं वासानंच तोंड फिरवलं. आणि याच वर्ध्यात बापूंचे सहकारी जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे शेवटचे महिने गाईच्या सेवेला दिले. दुधाचं व्रत आणि गाईचं व्रत, दोन्ही एकाच मातीत शेजारी शेजारी वाढली. मावशीच्या घरात आता मला तेच दिसतं आहे आणि त्यात काही विसंगत आहे असं मला वाटत नाही.

सगळं वाटण गंजात उतरलं. वाटीभर तिळाला एकूण चार वाट्या पाणी. वहिनी पातेल्यावर ओलं मलमलचं फडकं धरते. कोरडं धरलं तर पहिलं दाट दूध तेच पिऊन टाकतं. मावशी ओतते. फडक्यातून बारीक सर पडते. मग दोघी चार टोकं एकत्र करून पीळ देतात, सासूचा हात वर, सुनेचा खाली, आणि फडक्याच्या पोटातून शेवटचं दाट दूध थेंबाथेंबानं निथळतं.

चिमूटभर मीठ. दोन बिया काढलेले खजूर, त्याच पाट्यावर वाटून. वेलची नाही, छकुलीला नको. गूळ घालून उकळायला गेलं तर हे दूध दाणेदार फुटतं, हे मावशी तीनदा नासवून शिकली आहे. म्हणून मंद आचेवर नुसतं कोमट करायचं, सराट्यानं ढवळत राहायचं आणि बुडबुडा यायच्या आत उतरवायचं. उरलेलं फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं. पाणी खाली आणि दाट वर असं वेगळं होतं, तेव्हा बाटली हलवून घ्यायची.

छकुली उठून आली आहे. डोळे चोळत आत्याच्या, म्हणजे माझ्या, मांडीवर बसते. बाहेर दादा चरवी सायकलला अडकवतो आहे. ते दूध डेअरीत जाईल. घरापुरतं थोडं वेगळं निघतं. त्याची भांडी निराळी, फडताळ निराळं, धुवायची घासणीसुद्धा निराळी.

मावशी दोन पेले भरते. एक छकुलीसमोर ठेवते. दुसरा माझा असेल म्हणून मी हात पुढे करते, तर मावशी तो स्वतःच उचलते.

"तुझा चहा ठेवते ना सुनबाई," ती म्हणते. मग माझ्याकडे न बघता, "लेकरू एकटंच वेगळं पिऊन रायलं, असं तिले वाटाले नाही पाह्यजे."

तीन वर्षं झाली, वहिनी हळूच सांगते. ज्या बाईनं जन्मभर धारोष्ण दुधाशिवाय सकाळ काढली नाही, तिनं नातीच्या वयाच्या दुसऱ्या वर्षापासून सकाळचं गाईचं दूध सोडलं आहे. कुणाला सांगून नाही. दोघी पेल्यात फुंकर मारतात. छकुली दोन्ही हातांनी पेला धरून एका दमात अर्धा संपवते आणि आजीचा किती उरला ते वाकून बघते.

लाईट येतो. मिक्सर रिकामाच घरघरतो, वहिनी धावत जाऊन बटण बंद करते.

फडक्यातला चोथा मावशी ताटलीत पसरून त्याचे दोन भाग करते. एक तव्यावर कोरडा करून लसूण, लाल तिखट आणि मीठ घालून चटणीसाठी. दुसरा ती छकुलीच्या ओंजळीत देते. पोरगी अनवाणीच गोठ्याकडे पळते. गवळाऊ मान खाली घालते, खरबरीत जीभ ओंजळीतून फिरते आणि छकुली गुदगुल्यांनी ओरडते. मावशी मागोमाग पाण्याचा गडवा घेऊन जाते, वासराला पाजून गाईच्या तोंडाशी दूध तर लागलेलं नाही ना ते बघते, आणि नातीचे हात कोपरापर्यंत धुते.