‘पुणे’ किती घरांचं?

दहा-बारा वर्षांपूर्वी जिल्ह्यांची नावं आणि पावसाचे आकडे टर्मिनलवर दाखवणारा एक छोटा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला. नावं इंग्रजीत असली की आकडे एका रांगेत उभे राहत; मराठीत केली की रांग विस्कटायची. ‘पुणे’ला आकडा अगदी चिकटलेला. मी कित्येक दिवस फॉन्टच बदलत बसलो.

चूक सापडली ती बाइट मोजल्यावर. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. प, उकार, ण, मात्रा, म्हणजे ‘पुणे’चे १२ बाइट. मी सीच्या प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनकडे नावासाठी १२ जागा मागितल्या होत्या. त्यानं बाइट मोजले, जागा भरली असं ठरवलं आणि पुढे एकही मोकळी जागा सोडली नाही.

मग पायथनकडे वळलो. ते चिन्हं मोजतं, म्हणून ‘पुणे’ ४ आणि ‘नाशिक’ ५. पडद्यावर मात्र उकार पोटात जातो, मात्रा डोक्यावर बसते, आणि ‘पुणे’ दोनच घरं अडवतं. त्यामुळे पुण्याचा आकडा नाशिकच्या आकड्यापेक्षा दोन घरं अलीकडे.

या घरांचं मूळ जुनं आहे. १९२८ चं आयबीएमचं पंचकार्ड ८० रकान्यांचं. १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलवरही ८० रकाने आणि २४ ओळी. एक अक्षर, एक घर. आजची टर्मिनलं त्याच व्हीटी१००ची नक्कल करतात, आणि आपली बाराखडी त्या सारख्या घरांत बसवायची असते.

कुठल्या चिन्हाला किती घरं, हे सांगणारं डब्ल्यूसीविड्थ नावाचं फंक्शन आहे. मार्कस कून यांनी लिहिलेली त्याची आवृत्ती खूप पसरली. तिच्या हिशेबात उकार, मात्रा, हलन्त शून्य घरांचे. काना आणि वेलांटी एकेका घराचे. पुणे, नाशिक रांगेत आले. ‘रत्नागिरी’नं पुन्हा अडवलं. हिशेबानं ८ घरं, पण ‘त्ना’ जोडून काढणाऱ्या टर्मिनलचा हिशेब वेगळा. ‘त्ना’ हे एकच अक्षर, हे पहिलीतल्या मुलाला कळतं. यूनिकोडच्या अक्षरं तोडण्याच्या नियमांत ते १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आलं. इतका उशीर झाला याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी मी मोजणंच सोडलं. टर्मिनलला कर्सर कुठे आहे ते विचारता येतं, तसं अमुक रकान्यावर जा असंही सांगता येतं: एस्केप, चौकटी कंस, २०, मग कॅपिटल जी. नाव छापायचं, हा आदेश द्यायचा, आकडा छापायचा. फाइलमध्ये उतरवताना याचा उपयोग नाही, पण पडद्यावर रत्नागिरीचा आकडा पुण्याच्या बरोबर खाली आला, आणि मी तो तक्ता बराच वेळ तसाच उघडा ठेवला.