सैतान मुंबईचा, फाशी न्यूयॉर्कची

निपाणीत माझं टी-शर्ट छापायचं दुकान आहे. श्रावण लागला की गणेश मंडळांच्या ऑर्डरी, मग कबड्डीचे संघ, मग कॉलेजचं गॅदरिंग. मध्येच एखादा पोरगा मोबाईल पुढं करतो, "काका, हे छापून मिळेल का?" काळ्या कापडावर कुठल्याशा मेटल बँडचं नाव, बाभळीच्या काट्यांसारखी अक्षरं. वाचता तर येत नाहीतच, छापतानाही घाम फुटतो. स्क्रीनची जाळी जाड घेतली तर काट्यांमधल्या फटी शाईनं बुजतात आणि नावाचा नुसता डाग उरतो. बारीक घेतली तर काळ्यावर पांढरा रंग चढत नाही. मग एक हात मारायचा, वाळवायचा, पुन्हा मारायचा. हा खटाटोप करता करता या नावांची कुळं शोधायचा नाद लागला.

बहुतेक नावांमागं सैतान वगैरे काही नसतं. 'एसी/डीसी'वर लोकांनी काय काय अर्थ चिकटवले, पण ती अक्षरं सापडली बँडमधल्या दोन यंग भावांच्या बहिणीला, शिलाई मशीनवर. 'ब्लॅक सॅबथ' आधी 'अर्थ' (इंग्रजीतली पृथ्वी) होता. त्याच नावाचा दुसरा बँड निघाल्यानं 1969 मध्ये नाव बदलावं लागलं. तालमीच्या जागेसमोरच्या थिएटरात बोरिस कार्लॉफचा 'ब्लॅक सॅबथ' हा भयपट लागला होता. लोक घाबरायला पैसे मोजतात, हे या पोरांनी बरोबर हेरलं.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर मुंबईचा 'डेमॉनिक रिझरेक्शन', स्थापना 2000. 'राक्षसाचं पुनरुत्थान' म्हटल्यावर आई-बाप पोराला आधी देवऋषाकडं नेतील. पण त्यांचा 2017 चा अल्बम आहे 'दशावतार', मत्स्यापासून कल्कीपर्यंत. बँडचा प्रमुख साहिल मखिजा यूट्यूबवर स्वयंपाकही शिकवतो. मुंबईचाच 'झिग्नेमा' ऐकून अंगावर काटा येतो, आणि निघतं काय, तर गोड्या पाण्यातलं हिरवं शेवाळ. 'भयानक मौत'ला मात्र कुणी समजावून सांगायची गरज नाही. एरवी बरेच मेटलवाले इंग्रजी नावं घेत असताना, रस्त्यावरच्या माणसाला कळेल असं नाव त्यांनी घेतलं.

माझ्या घरात वाद झाला तो 'अँथ्रॅक्स'वरून. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या पोरांनी 1981 मध्ये काढलेला हा बँड. नाव जीवशास्त्राच्या पुस्तकात सापडलं आणि खतरनाक वाटलं म्हणून घेतलं. वडिलांनी शर्ट पाहून विचारलं, म्हणजे काय? म्हटलं, गुरांची फाशी. त्यांचा चेहराच उतरला. चरतं जनावर अचानक कोसळतं, नाकातोंडातून काळपट रक्त येतं. ते फाडायचं नाही, चुना टाकून खोल पुरायचं, कारण रोगाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. "असलं नाव अंगावर कोण घालतं रे?" असं म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले.

क्वीन्समध्ये गोठा नव्हता, म्हणून ते नाव मजेचं होतं. 2001 मध्ये अमेरिकेत पत्रांतून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवली गेली, पाच माणसं दगावली आणि मजा संपली. नाव बदलून 'टोपलीभर कुत्र्याची पिल्लं' ठेवू, अशी थट्टा बँडनं केली. शेवटी न्यूयॉर्कच्याच एका मदत-कार्यक्रमात, नाव बदलणार नाही असं अंगावरच्या कपड्यांवर लिहून ते मंचावर उभे राहिले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या 'डेड केनेडीज'ना तर पहिल्या दिवसापासून चटके बसले. राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून 1963 चा, बँड 1978 चा. जखम अजून ओली. आम्हाला त्या घराण्याची टिंगल करायची नाही, अमेरिकन स्वप्न मेलं एवढंच म्हणायचंय, असं गायक जेलो बियाफ्रा सांगत राहिला. ऐकणारे थोडे, चिडणारे जास्त.

म्हणजे नावातला दारूगोळा शब्दात नसतो. वाचणाऱ्याच्या दाराशी काय घडलंय, त्यावर तो पेटतो. हे आम्हा सीमाभागातल्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारदप्तरी बेळगावचं 'बेळगावी' झालं, पण माझ्या गिऱ्हाइकांत कुणाला 'बेळगाव'च लागतं, कुणाला 'बेळगावी'च. मंडळाच्या शर्टावर मराठी वर की कन्नड, हे विचारल्याशिवाय मी स्क्रीन बनवत नाही. इथल्या पोरांना बँड काढून खळबळच माजवायची असेल, तर कवट्या न् सैतान कशाला हवेत? गावाचं नाव छापा. कुठल्याही स्पेलिंगनं छापा, निम्मा बाजार अंगावर येईल.