इलाका आणि प्रकल्प

नागपूरच्या गिरीपेठेत आदिवासी विकास विभागाच्या अपर आयुक्तांचे कार्यालय आहे. देवरी, चिमूर, गडचिरोली, अहेरी, भामरागड इथली प्रकल्प कार्यालये त्याच्या अखत्यारीत येतात. आश्रमशाळा, वसतिगृहे, घरकुले, सगळ्यांच्या फायली इथून पुढे सरकतात. गावाकडे प्रकल्प कार्यालयाला नुसते ‘प्रकल्प’ म्हणतात आणि तिथल्या प्रकल्प अधिकाऱ्याला ‘पीओ’. गोंडांचा मुलूख कोण चालवतो असे विचारले, तर सरकारी उत्तर हेच. पण या मुलखात कारभाराची दुसरीही एक रीत आहे. ती कोणत्याही कार्यालयाहून जुनी आहे आणि आजही चालू आहे.

मुळात नागपूर हे गोंडांचेच शहर. देवगडचा राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास राजापूर बारसा म्हणवल्या जाणाऱ्या बारा खेड्यांना एकत्र आणून ते वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानीच इकडे हलवली, शहराला तट घातला, जुम्मा तलाव बांधला. १७३९ मध्ये तो वारला, वारसांत भांडणे लागली, रघूजी भोसले मदतीला आले आणि सत्ता भोसल्यांकडे गेली. गोंड राजाच्या वाट्याला मानमरातब आणि नेमणूक उरली. आज विधानभवनाजवळ बख्त बुलंद शहाचा पुतळा आहे. अधिवेशनाच्या दिवसांत जंगल-जमिनीच्या मागण्या घेऊन येणारे मोर्चे याच भागात अडवले जातात.

पूर्वेला, चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) जंगलपट्ट्यात, तिथल्या गोंड राजाच्या खाली जमीनदाऱ्या होत्या. अहेरीची सर्वांत मोठी. शिवाय धानोरा, मुरूमगाव, रांगी, खुटगाव, पोटेगाव. १९३५ च्या कायद्यानंतर इंग्रजांनी याच जमीनदाऱ्यांना ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरवले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जमीनदारी गेली. पुढे घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली जे अनुसूचित क्षेत्र जाहीर झाले, त्याच्या यादीतही या जुन्या जमीनदाऱ्यांची गावे आली. वर सत्ता बदलत गेली, यादी मात्र कागदावरून कागदावर उतरत राहिली. राज्यपुनर्रचनेत गोंडांचा मुलूख मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि आंध्र यांत वाटला गेला. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली.

यादीत जे कधी आले नाही ते म्हणजे इलाका. शेजारशेजारची गावे, त्यांचे देव, त्यांचे भूमिया (गावपुजारी) आणि पाटील, त्यांच्या शिवा. भांडण गावात मिटले नाही तर ते इलाक्यात जाते. याचे सामर्थ्य दिसले ते धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात. गावाने गोटुल, म्हणजे तरुणांचे सामूहिक घर, पुन्हा उभारले, तर विनापरवाना सागवान वापरले म्हणून वनखात्याने ते पाडले. मग बत्तीस गावांचा इलाका बसला आणि निषेध म्हणून बारा गावांनी आपापले गोटुल बांधले. खात्याला माघार घ्यावी लागली. एका गावाच्या हट्टाला कुणी जुमानले नसते. इलाक्यापुढे इलाज चालला नाही.

मेंढ्याच्या ग्रामसभेत बहुमत चालत नाही. एकाचाही विरोध असेल तर ठराव थांबतो आणि चर्चा पुढच्या बैठकीत. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे अभ्यासगटही रुजवले. कायदा आधी गावात बसून वाचायचा, समजून घ्यायचा आणि मग अर्ज करायचा. १५ ऑगस्ट २००९ रोजी मेंढा आणि मर्दा या गावांना देशातले पहिले सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १८०० हेक्टर जंगल आले.

तरी बांबू गावाबाहेर नेता येईना. वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे, आणि खाते म्हणे, बांबू हे लाकूड आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात मात्र गौण वनोपजांत बांबूचे नाव स्वच्छ लिहिलेले आहे. गावाने कायदा वाचलेला होता म्हणूनच ते अडून बसू शकले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. काही पानांचे साधे पुस्तक. पण त्यावर सही कोणाची, यावर जंगल कोणाचे हे ठरत होते. मला हा प्रसंग विदर्भाच्या इतिहासात फार मोठा वाटतो, आणि नागपुरात त्याची आठवण कुणी काढत नाही याचे वाईट वाटते.

मुलूख कोणाच्या हाती, हा प्रश्न फक्त इथला नाही. अलास्कातल्या अथाबास्कन लोकांनीही आपल्या मुलखासाठी असाच लढा दिला. १९१५ मध्ये टनाना खोऱ्याचे प्रमुख फेअरबँक्सला जमले आणि राखीव वसाहतींचा प्रस्ताव त्यांनी नाकारला. १९७१ च्या कायद्याने अलास्कातल्या सर्व मूलनिवासींना मिळून ४.४ कोटी एकर जमीन मिळाली, पण ती जमातींच्या पारंपरिक परिषदांना नव्हे, कंपन्यांना. अथाबास्कन मुलखाचा मोठा भाग डोयॉन या कंपनीकडे आला. कायदा झाला त्या दिवशी जे हयात होते त्यांना समभाग मिळाले. नंतर जन्मलेल्यांना मुळात नाहीत. ग्रामसभेचे तसे नाही. पोर वयात आले की सभेत बसते, वारसाहक्काची वाट पाहावी लागत नाही. जमिनीच्या आकड्यात अलास्का कितीतरी पुढे आहे, पण रचना आपल्या ग्रामसभेची भक्कम आहे, असे माझे ठाम मत आहे.

इकडे गडचिरोलीत आता तेंदूच्या पानांचा व्यवहारही बऱ्याच ग्रामसभा स्वतः करतात. भर उन्हाळ्यात बायका पहाटेच जंगलात जातात, दुपारी घरी बसून सत्तर पानांचे पुडके बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, ओळीने मांडतात. पूर्वी तिथे ठेकेदाराचा मुनशी मोजायचा आणि त्याने लिहिले तेच खरे. ग्रामसभेची वही आली तेव्हापासून गावातलीच शिकलेली पोरे मोजणी लिहितात आणि दर गाव ठरवते. कोरची तालुक्यात तर ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली आहे. तिच्यात गावोगावच्या प्रतिनिधींत पुरुषांबरोबर बायकाही बसतात. जुन्या इलाक्याच्या बैठकीत त्यांना जागा नसे. ती त्यांनी बोलून, भांडून मिळवली.