जिल्हा परिषद सदस्य आणि माहितीचा दुवा : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके असलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ११ लाख ७७ हजार असून तीत ग्रामीण लोकसंख्येचे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास आहे. साहजिकच प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, अंगणवाडी, पाणीपुरवठा, ग्रामीण रस्ते अशा दैनंदिन गरजांसाठी येथील बहुसंख्य जनतेचा संबंध जिल्हा परिषदेशी येतो. या संस्थेत काय ठरले हे गावाला कोण सांगतो आणि गावात काय घडले हे संस्थेला कोण कळवितो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. कायद्याने हे काम प्रामुख्याने निवडून आलेल्या सदस्याकडे सोपविले आहे. त्याची जागा रिक्त राहिली तर केवळ एक पद रिकामे राहत नाही, तर गाव व जिल्हा यांतील माहितीचा मार्गच अरुंद होतो.

कायद्याने घातलेली चौकट

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ संमत झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यात त्रिस्तरीय व्यवस्था सुरू झाली. पुढे २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला. हिंगोली जिल्हा परिषदेत थेट निवडून द्यावयाच्या सदस्यांची संख्या २०१७ च्या निवडणुकीच्या वेळी ५२ होती. पंचायत समित्यांचे सभापतीही जिल्हा परिषदेचे सदस्य असतात.

दोन सर्वसाधारण सभांमध्ये तीन महिन्यांपेक्षा अधिक अंतर नसावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. कामातील हयगय, मालमत्तेचा अपव्यय किंवा एखाद्या भागाची गरज याकडे प्रशासनाचे लक्ष वेधण्याचा अधिकार प्रत्येक सदस्यास आहे. स्थायी समिती व शिक्षण, आरोग्य, कृषी, समाजकल्याण, महिला व बालकल्याण आदी विषय समित्यांतून हेच काम अधिक बारकाईने होते. बंद पडलेली नळयोजना, गळकी शाळाखोली, औषधांचा तुटवडा हे विषय सभेच्या इतिवृत्तात नोंदले जातात आणि त्यावर अधिकाऱ्यांना उत्तर द्यावे लागते. गावातील तोंडी तक्रार अशा प्रकारे सरकारी दप्तरात येते.

ग्रामसभा : माहितीचे दुसरे टोक

हीच माहिती उलट दिशेने पोहोचण्याचे ठिकाण म्हणजे ग्रामसभा होय. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक असून त्या सामान्यतः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास होतात. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती गणपूर्तीसाठी पुरेशी मानली जाते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. दवंडी, ग्रामपंचायतीचा सूचना फलक आणि आता भ्रमणध्वनीवरील संदेश ही सभेची सूचना देण्याची साधने होत.

यात्रा-उत्सवांच्या नियोजनातही हा दुवा उपयोगी पडतो. आषाढी वारीनंतर नर्सी नामदेव येथे भरणाऱ्या परतवारीस मोठ्या संख्येने भाविक येतात. पिण्याचे पाणी, आरोग्य पथके, स्वच्छता व वाहनतळ यांची माहिती आसपासच्या गावांना वेळेवर मिळाली तरच व्यवस्था सुरळीत राहते.

रिक्त सभागृहाचा काळ

२०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. घटनेच्या कलम २४३ ई नुसार मुदत संपण्यापूर्वी निवडणूक होणे आवश्यक असते. परंतु इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांविषयीच्या न्यायालयीन वादामुळे राज्यातील स्थानिक निवडणुका दीर्घकाळ लांबल्या आणि येथेही प्रशासकाकडे कारभार गेला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निवडणुका घेण्याचे निर्देश दिले, तोपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

या काळातच २१ मार्च २०२४ रोजी पहाटे ४.५ व त्यानंतर काही मिनिटांनी ३.६ रिश्टर तीव्रतेचे भूकंपाचे धक्के जिल्ह्यात बसले. परभणी व नांदेड जिल्ह्यांतही ते जाणवले. १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण असलेल्या मराठवाड्यात अशा वेळी अफवा वेगाने पसरतात. पत्र्याच्या छपरावर वजनासाठी ठेवलेले दगड उतरवून ठेवावेत, भेगा पडलेल्या भिंतींजवळ झोपू नये, शाळेच्या इमारतींची पाहणी व्हावी, या साध्या सूचना विश्वासाच्या माणसाकडून आल्या तर लोक त्या तत्काळ पाळतात.

येथे एक तरतूद विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष हे पदसिद्ध सहअध्यक्ष असतात. म्हणजे संकटाच्या वेळी प्रशासनाबरोबर लोकप्रतिनिधीनेही बसावे, असा कायद्याचा हेतू आहे. जिल्हा परिषदेस अध्यक्षच नसताना हा हेतू सफल होऊ शकत नाही. जिल्हा नियोजन समितीच्या बाबतीतही असेच घडते. घटनेच्या कलम २४३ झेडडी नुसार तिचे किमान चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यावे लागतात.

प्रशासक कार्यक्षम असू शकतो व आदेशही काढू शकतो. मात्र तो एखाद्या गटातील मतदारांना उत्तरदायी नसतो. त्याला जाब विचारण्यासाठी सभागृह नसते आणि प्रश्नोत्तरांतून बाहेर येणारी माहितीही त्यामुळे बाहेर येत नाही.

काही उपाय

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी आपणहून माहिती प्रसिद्ध करावयाची आहे. या तरतुदीचा आधार घेऊन पुढील गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त सोप्या मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. सदस्याने आपल्या गटातील ग्रामसभांना उपस्थित राहून मागील सभेत काय ठरले ते सांगावे. तेथे मांडलेले प्रश्न पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर आणावेत. प्रशासकाच्या काळात हे काम गटविकास अधिकारी व ग्रामसेवक यांच्याकडे निश्चितपणे सोपवावे.

निष्कर्ष

जिल्हा परिषद सदस्याचे मूल्यमापन बहुधा त्याने आणलेल्या निधीवरून केले जाते. हिंगोलीच्या अनुभवावरून असे दिसते की, गावाची गोष्ट जिल्ह्याला आणि जिल्ह्याची गोष्ट गावाला सांगणे हेही त्याचे तितकेच महत्त्वाचे कर्तव्य आहे. निधी पुढील वर्षीही मिळू शकतो. धक्का बसल्यानंतरच्या पहिल्या तासात हवी असलेली माहिती मात्र त्याच तासात मिळावी लागते. म्हणून स्थानिक संस्थांच्या निवडणुका वेळेवर होणे हा माहितीच्या दृष्टीनेही ग्रामीण नागरिकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.