विश्लेषण : खेळाडू स्त्री की पुरुष, हे एका जनुकावरून ठरते का?

महिला गटात जागतिक क्रमवारीच्या स्पर्धा खेळायच्या असतील तर आयुष्यात एकदा जनुक चाचणी द्यावी लागेल, असा नियम जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने १ सप्टेंबर २०२५ पासून लागू केला. गालाच्या आतील नमुन्यात किंवा रक्तात ‘एसआरवाय’ जनुक आहे का, एवढेच यात पाहिले जाते. पण शरीर घडवण्याचे पुढचे काम संप्रेरके म्हणजे हार्मोन्स करतात. खरी गुंतागुंत तिथेच आहे.

गर्भात नेमके काय होते?

पहिले सुमारे सहा आठवडे मुलगा-मुलगी असा फरक गर्भाच्या रचनेत दिसत नाही. स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही अवयवांच्या प्राथमिक नलिका प्रत्येक गर्भात असतात. वाय गुणसूत्रावरील एसआरवाय जनुक सक्रिय झाले की वृषणे तयार होऊ लागतात. त्यांतून निघणारे एक संप्रेरक गर्भाशयाची नलिका जिरवते, तर टेस्टोस्टेरॉन पुरुष अवयवांची नलिका टिकवते. १९४७ मध्ये फ्रान्सच्या आल्फ्रेड जोस्ट यांनी सशांच्या गर्भातील वृषणे काढली, तेव्हा नर गर्भही मादीसारखे वाढले.

जनुक असूनही शरीर स्त्रीचे कसे?

टेस्टोस्टेरॉन तयार झाले तरी पेशीतील रिसेप्टरने ते ओळखावे लागते. रिसेप्टर कामच करत नसेल तर एक्सवाय गुणसूत्रे असूनही शरीर बाहेरून स्त्रीचे घडते. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया पॅतिन्यो १९८५ मध्ये जपानमधील कोबे येथे अशाच चाचणीत अडकली. तिचे शरीर टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नव्हते, म्हणजे त्याचा फायदाही तिला नव्हता. तरी तिला बाहेर काढले गेले. १९८८ मध्ये तिला पुन्हा खेळण्याची परवानगी मिळाली. नव्या नियमात अशा पूर्ण असंवेदनशीलतेला सूट आहे.

मेंदूवरही परिणाम होतो का?

१९५९ मध्ये गाभण गिनिपिगना टेस्टोस्टेरॉन दिले गेले. त्यांच्या मादी पिलांनी मोठेपणी नरासारखे वर्तन दाखवले. माणसांत मात्र इतके सरळ गणित नाही. अधिवृक्क ग्रंथीच्या एका जन्मजात विकारात मुलींना गर्भातच पुरुषी संप्रेरके जास्त मिळतात. त्यांचा मुलग्यांच्या खेळण्यांकडे सरासरी जास्त कल दिसतो, पण बहुसंख्य मुली स्वतःला मुलगीच मानतात. म्हणजे संप्रेरके कल देतात, ओळख एकटी ठरवत नाहीत.

भारताचा अनुभव काय?

धावपटू शांती सौंदराजनने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतील ८०० मीटरचे रौप्यपदक लिंगचाचणीनंतर गमावले. २०१४ मध्ये द्युती चंदला टेस्टोस्टेरॉन जास्त असल्याने वगळले गेले. ती क्रीडा लवादाकडे गेली आणि २०१५ मध्ये तो नियम स्थगित झाला. दोघींच्या शरीराची चर्चा मात्र जगभर झाली.

मग चाचणीचा अर्थ काय?

एसआरवाय सापडले म्हणजे शरीरात जनुक आहे, एवढेच कळते. संप्रेरके किती आहेत आणि शरीर त्यांना प्रतिसाद देते का, यासाठी पुढील वैद्यकीय तपासण्या लागतात. त्या पूर्ण होईपर्यंत खेळाडूचे नाव बाहेर न जाणे महत्त्वाचे. शांती आणि द्युतीच्या वेळी नेमके तेच पाळले गेले नव्हते.