आजोबांची पद्मिनी आणि माझा स्मार्टफोन : जुनी गाडी ओरिजिनल पार्टसह पुन्हा उभी कशी करायची?

आज विषय जरा वेगळा आहे. नवा फोन नाही, नवं ॲप नाही. आज बोलायचंय एका पन्नाशी ओलांडलेल्या गाडीबद्दल, आणि तिला परत चालू करताना आपल्या खिशातला फोन कसा कामी येतो त्याबद्दल.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नोकरी पुण्यात, घर नागावला. आमच्या वाडीत, झापांच्या मांडवाखाली आजोबांची 1975 ची प्रीमियर पद्मिनी बारा वर्षं उभी होती. तिच्या आरसी बुकावर जिल्हा अजून ‘कुलाबा’च आहे, रायगड हे नाव 1981 ला आलं. मागच्या दिवाळीत आजोबा म्हणाले, “अरे, तू एवढी कंप्युटरची कामं करतोस, ही सुरू होईल का बघ की. मला एकदा तरी चौलपर्यंत चालवायचीय.” आजोबा 81 वर्षांचे. म्हणजे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायची सोय नव्हती.

ही गाडी आली कुठून?

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या, नंतर इटलीच्या फियाटची 1100 बनू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि 20 वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली.

‘ओरिजिनल’ म्हणजे नक्की काय?

अमेरिकेत 1960-70 च्या दशकातल्या मसल कारवाल्यांचा एक शब्द आहे : मॅचिंग नंबर्स. म्हणजे गाडीत आज जे इंजिन आहे, तेच कारखान्यातून आलेलं असलं पाहिजे. पुरावा म्हणून ते इंजिनवर ठोकलेले आकडे, ओतकामावरची तारीख आणि कधीकधी मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला कारखान्याचा कागदसुद्धा शोधतात.

आपल्याकडे हेच काम आरसी करते. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर आणि आरसीवर सारखेच हवेत. पार्टचे साधारण तीन प्रकार धरा :

1. गाडीचा स्वतःचा मूळ पार्ट.
2. त्याच काळात कंपनीने बनवलेला, पण कधीच न बसवलेला पार्ट. याला न्यू ओल्ड स्टॉक म्हणतात.
3. नंतर कुणीतरी बनवलेली नक्कल. काही नकला चांगल्या असतात, काही नुसत्या दिसायला.

आधी गंज बघा, रंग नंतर

नागावला समुद्र घरापासून पाच मिनिटांवर. खारी हवा पत्र्यावर मिठाचा थर सोडते. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे पत्रा वरून कोरडा दिसला तरी ओलाच राहतो, आणि क्लोराईडमुळे गंज वेगाने पसरतो.

पद्मिनीला वेगळी चेसिस फ्रेम नाही. तिची बॉडी हाच सांगाडा. म्हणून फ्लोअरला भोक पडलं तर ती फक्त दिसण्याची गोष्ट राहत नाही, गाडीची ताकदच गेलेली असते. आम्ही दोन तपासण्या केल्या. पहिली, फ्रिजवरचं मॅग्नेट रुमालात गुंडाळून बॉडीवर फिरवलं. जिथे ते नीट चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी आहे. दुसरी, फोनला जोडायचा स्वस्त एंडोस्कोप कॅमेरा दाराखालच्या पोकळीत घातला. ड्रायव्हरच्या बाजूला आत नुसता भुगा होता. तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड केला, इपॉक्सी प्रायमर मारला, पोकळीत मेण फवारलं. पाणी जायची भोकं मात्र उघडीच ठेवली. ती बुजवली की गंज परत आलाच म्हणून समजा.

फोन कुठे कामाला येतो?

खोलण्याआधी फोटो. प्रत्येक पार्टचे तीन फोटो : लांबून, जवळून आणि शेजारी पट्टी ठेवून. मग बोल्ट झिप पिशवीत, पिशवीवर नंबर आणि तोच नंबर शीटमध्ये. ‘बोल्ट नवीन’ असं नाव देऊ नका, ‘पुढचं-डावं-दार-03’ असं द्या. सगळ्याचा बॅकअप क्लाऊडवर. फोन गेला तर गाडी जोडायची कशी?

पुसट नंबर वाचणं. नंबरावर पॉलिश पेपर घासायचा नाही. आकडा पुसला गेला तर गाडीची ओळखच संशयात येते. चिंधीने ग्रीस पुसा, खडू हलकेच फिरवा, टॉर्च एका बाजूने तिरका धरा आणि मग फोटो काढा. सावलीमुळे आकडे उठून दिसतात.

इंजिनचा वेग मोजणं. फायफॉक्ससारखं ॲप फोनचे सेन्सर वापरून थरथर मोजतं. चार स्ट्रोकच्या चार सिलिंडर इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. म्हणून 800 आरपीएमला सेकंदाला साधारण 27 ठोके. ॲपच्या आलेखात 27 हर्ट्झजवळ टोक दिसलं की आयडलिंग 800 च्या आसपास आहे.

फोनवर विश्वास कुठे ठेवायचा नाही? रंगाच्या बाबतीत. कॅमेरा व्हाईट बॅलन्स आपल्या मनाने बदलतो. मूळ रंग सीटमागे किंवा डॅशबोर्डच्या आत, ऊन न लागलेल्या जागी सापडतो. तो तुकडाच पेंटच्या दुकानात दाखवा.

माझी चूक

आता खरं सांगतो. गाडीचा सोलेक्स कार्ब्युरेटर काळा, जाम झालेला होता. मी ऑनलाईन एक ‘ओरिजिनल’ मागवला, 3,800 रुपयांना. चकचकीत होता. त्याच आठवड्यात मांडव आवरताना जुना मी भंगारात दिला.

नवा बसवला. गाडी सुरू झाली, पण काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लग काजळीने भरलेले. म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं. जेट काढून बघितला तर त्यावरचा आकडा माझ्याच जुन्या फोटोतल्या आकड्यापेक्षा वेगळा. मग विक्रेत्याचा फोटो इमेज सर्चमध्ये टाकला. तोच फोटो दुसऱ्या तीन ठिकाणी, तीन वेगळ्या नावांनी! हे विकत घेण्याआधी करायला दोन मिनिटं लागली असती.

भंगारवाल्याकडे धावलो, पण माल पुढे गेला होता. आजोबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, “तो मी दर पावसाळ्याआधी स्वतः साफ करायचो.” ते ऐकून जे वाटलं ते सांगता येणार नाही.

शेवटी कुर्ल्याच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे त्याच काळातला सोलेक्स मिळाला. मांडव्याहून रो-रोने मी मुंबईला गेलो तो जुने फोटो घेऊनच. त्याने आकडे जुळवले, आतले गॅस्केट बदलले. गाडी ठीक चालली. पण तो पहिला आमचा नव्हे, हे मला कायम माहीत असणार.

म्हणून नियम : गाडी पूर्ण चालू होऊन महिना होईपर्यंत एकही जुना पार्ट टाकायचा नाही.

सगळंच ओरिजिनल ठेवायचं का?

नाही. जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे नाही. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि पाणीही ओढतं. म्हणून पेट्रोलचे पाईप इथेनॉल चालणारेच घ्या. ब्रेकचे रबर आणि टायर नवेच घ्या. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ती धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका.

कागदपत्रं : इथे नीट विचार करा

2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, खासगी आणि मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदणी केली तर नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

आमच्या गाडीने पन्नाशी ओलांडली होती. मला व्हिंटेजचा मोह झाला. आजोबांना विचारलं. ते म्हणाले, “म्हणजे चौलला नाही नेता येणार? मग काय बघत बसू तिच्याकडे?”

विषय संपला. आम्ही फिटनेस तपासणी करून साधी नोंदणीच पाच वर्षांसाठी वाढवली. इंजिन आणि बॉडी मूळ ठेवल्यामुळे पुढे कधी व्हिंटेजसाठी अर्ज करायचा झाला तर तो रस्ता उघडा आहे. एकाने स्वस्तात दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून देतो म्हटलं होतं. ते ऐकलं असतं तर परवानगीची कटकट लागली असती आणि व्हिंटेजचा रस्ताही बंद झाला असता.

गेल्या महिन्यात आजोबांनी स्वतः गाडी काढली. नागाव ते चौल, ताशी 30 च्या वेगाने. मी शेजारी बसलो होतो. फोन खिशातच होता, व्हिडिओ काढायचा राहूनच गेला.

तुमच्याही घरामागे अशी एखादी गाडी, स्कूटर उभी असेल तर या रविवारी एवढंच करा : जा, तिचे नंबर आणि पार्टचे फोटो काढून ठेवा. आणि ती ज्यांनी चालवली, त्यांना शेजारी बसवून विचारा, यातलं काय काय मूळचं आहे? ही माहिती इंटरनेटवर मिळणार नाही.